नव्या तांदळाची खिचडी

शुक्रवार, २० डिसेंबर २०२४, मार्गशीर्ष वद्य पंचमी
आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १० (विभूतियोग), श्लोक ३४ आणि ३५



राजारामपुरीत सध्या छान थंडी पडली आहे. सकाळी सहाला गल्लीत दूधवाला आणि पेपरवाला सोडला तर कोणी नसतं. साडेसहाला मफलर गुंडाळलेले आजोबा टेंबलाई टेकडीकडे निघतात, काहीजण सायबर चौकातून विद्यापीठाच्या रस्त्याला लागतात. सातला शाळेच्या रिक्षा. एकेका रिक्षात दहा-दहा स्वेटर कोंबलेले, आणि सगळे एकाच वेळी बोलत असतात. शाळांची गॅदरिंग जवळ आली आहेत, त्यामुळे संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या गच्चीवरून तेच गाणं दहा वेळा ऐकू येतं. जनता बझार चौकाच्या आसपासच्या दुकानांत नाताळचे कागदी तारे टांगलेत. आणखी चार दिवसांनी पुण्या-मुंबईच्या गाड्या गोव्याला जाताजाता अंबाबाईच्या दर्शनाला थांबतील, आणि आपल्याच गावात आपल्याला गाडी लावायला जागा मिळणार नाही.

ऑफिसच्या ग्रुपवर रोज एकच विषय आहे. "ईयर एंडला कुठे?" माझं ऑफिस पुण्यात, मी काम करते घरून. मी त्या मेसेजवर अंगठा दाखवते आणि पुढे जाते.

कारण यंदा आमच्याकडे सण नाही.

तुमच्यापैकी जे जुने वाचक आहेत त्यांना माहीत आहे, आषाढात माझी आई गेली. वर्षाच्या आत घरात सणवार करायचा नाही, गोडधोड आपण करायचं नाही, ही आमच्याकडची रीत. गणपती झाले, दिवाळी झाली. दिवाळीत शेजारपाजारच्यांनी आणि पाहुण्यांनी डबे आणून दिले. ते तसेच ओट्यावर राहिले आणि शेवटी कामवाल्या मावशींना दिले. मार्गशीर्ष लागला. यंदा चार गुरुवार आहेत: ५, १२, १९ आणि २६ डिसेंबर. आई दर गुरुवारी घट मांडायची, पाच पानं लावायची, कहाणी मोठ्यानं वाचायची. शेवटच्या गुरुवारी गल्लीतल्या सवाष्णी हळदीकुंकवाला यायच्या आणि प्रत्येकीच्या हातात एक फळ आणि व्रताचं छोटं पुस्तक पडायचं. यंदा पाट भिंतीला टेकवूनच आहे.

आणि आमचं जेवण? पप्पा आणि मी मेसचा डबा लावलाय. ते त्यांच्या वेळेला खातात, मी लॅपटॉपसमोर. पाच महिन्यांत आम्ही दोघं एकत्र ताटावर बसलो असू ते दोन-तीन वेळा, तेही पाहुणे आले म्हणून.

आता आजचा विषय. गेल्या रविवारी एक छोटी गोष्ट घडली आणि त्यानं मला चार दिवस झोपू दिलं नाही.

सकाळी लवकर जाग आली. गुळाचा चहा केला. आलं जरा जास्त पडलं होतं. कप घेऊन गॅलरीत उभी राहिले. धुकं होतं, कोवळं ऊन समोरच्या घराच्या पत्र्यावर येत होतं. चहाचा पहिला घोट घेतला आणि मनात आलं, "आहाहा!" एवढंच. अगदी मनापासून. आणि लगेच दुसऱ्या क्षणाला पोटात कळ आल्यासारखं झालं. आई नाही आणि मला चहा गोड लागतोय? उरलेला चहा मी बेसिनमध्ये ओतला.

मला वाटतं, हे फक्त माझ्याच बाबतीत होत नसणार. कोणाचं माणूस गेलेलं असतं, कोणाची नोकरी गेलेली असते, कोणाचं लग्न मोडलेलं असतं. आजूबाजूला सगळे सुट्टीची तयारी करत असतात, आणि आपल्याला एखादा आनंद चुकून जरी झाला तरी चोरी केल्यासारखं वाटतं. भक्ती करणाऱ्यांना तर आणखी एक शंका असते: छोट्या छोट्या सुखांत रमणं म्हणजे देवापासून लांब जाणं नाही का?

हा प्रश्न मनात घेऊनच मी दहावा अध्याय उघडला. मार्गशीर्ष शुद्ध एकादशीला, म्हणजे ११ तारखेला, गीता जयंती झाली, तेव्हापासून रोज थोडं थोडं वाचतेय.

या अध्यायातली विभूतींची यादी अर्जुनाच्या एका अगदी प्रॅक्टिकल प्रश्नातून येते. तो विचारतो की, देवा, मी तुझं चिंतन करायचं तर कोणकोणत्या वस्तूंमध्ये करू? पुढे म्हणतो, सविस्तर सांग, हे अमृत ऐकून माझं पोटच भरत नाही. मला हा अर्जुन फार आवडतो. समोर युद्ध उभं आहे आणि हा म्हणतोय, अजून सांग. मग भगवंत यादीच सुरू करतात. तेजस्वी गोष्टींमध्ये सूर्य, जलाशयांमध्ये सागर, झाडांमध्ये पिंपळ, स्थावरांमध्ये हिमालय. आणि पस्तिसाव्या श्लोकात सांगतात की, महिन्यांमध्ये मी मार्गशीर्ष आहे.

लहानपणापासून मला वाटायचं, श्रावण का नाही? श्रावणात सगळे उपास, सगळी व्रतं. किंवा कार्तिक का नाही? दिवाळी, कार्तिकी एकादशी. मार्गशीर्षच का?

एक कारण जुन्या कालगणनेत आहे. या महिन्याचं दुसरं नाव आग्रहायण, म्हणजे वर्षाच्या आरंभाचा महिना. कधीकाळी वर्ष इथून मोजत असत असं या नावावरून दिसतं. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली 'ओरायन' हा ग्रंथ लिहिला, त्यात या नावाचा आणि मृग नक्षत्राचा आधार घेऊन वेदांचा काळ ठरवायचा प्रयत्न केला होता. मृगशीर्षावरून मार्गशीर्ष. सध्या रात्री आठ-नऊला गच्चीवर जाऊन पूर्वेला बघा, एका ओळीत तीन तारे दिसतील. तो मृगाच्या पोटातला बाण. राजारामपुरीत दिव्यांचा एवढा उजेड असूनही ते तिन्ही स्वच्छ दिसतात.

दुसरं कारण आपल्या डोळ्यांसमोर आहे. पाऊस संपलाय, भात कापून झालाय, नवं धान्य घरात येतंय. उसाचा हंगाम सुरू आहे, नवा गूळ आलाय. भाजी मंडईत पावटा, हरभऱ्याची कोवळी भाजी, रताळी. आयुर्वेद सांगतो की हेमंत ऋतूत जठराग्नी सगळ्यात प्रबळ असतो, खाल्लेलं अंगी लागतं. म्हणजे हा पोटभर खाण्याचा, उन्हात बसण्याचा, साधा सुखाचा महिना आहे. आणि देवानं त्याच्यावर बोट ठेवून सांगितलंय की हा मी.

याच महिन्यात सूर्य धनु राशीत गेला की धुंधुरमास सुरू होतो, तो थेट संक्रांतीपर्यंत. त्याचा नैवेद्य कसला? पहाटे उठून स्वयंपाक करायचा आणि सूर्य उगवायच्या वेळेला देवाला दाखवून गरमागरम जेवायचं. मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, वांग्याचं भरीत. उपास नाही, पोट मारणं नाही. थंडीत भूक लागते ना, मग देवालाही लागली असेल, एवढा साधा हिशोब.

इथपर्यंत वाचून मला बरं वाटलं. पण खरं सांगते, चहाचा प्रश्न सुटला नव्हता. माझ्या मनात होतं, हे सगळं ज्यांच्या घरी सगळे आहेत त्यांच्यासाठी ठीक आहे.

म्हणून मी एक श्लोक मागे गेले. आणि थांबलेच.

पस्तिसाव्याच्या आधीचा, चौतिसावा श्लोक. तिथे भगवंत सांगतात की, सगळं हिरावून नेणारा मृत्यू मी आहे. पुढे जे जन्मणार आहे त्याचा उगमही मीच. आणि त्याच श्लोकात पुढे सात स्त्रीरूपं येतात: कीर्ती, श्री, वाणी, स्मृती, मेधा, धृती, क्षमा. आणि लगेच पुढच्या श्लोकात मार्गशीर्ष.

मी हा अध्याय किती वेळा वाचला असेन! आईबरोबरच पाठ केला होता. पण मृत्यू आणि मार्गशीर्ष असे शेजारी शेजारी राहतात हे कधी लक्षातच आलं नव्हतं. दोघांच्या मध्ये काय आहे बघा. आठवण आहे. धीर आहे. क्षमा आहे. ज्यानं नेलं तो मी, ज्यानं नेलेल्याची आठवण ठेवली तो मी, आणि त्यानंतर आलेली ही थंडी, हा गूळ, हे कोवळं ऊन, तेही मीच. यादी एकाच्याच नावाची आहे. आपण त्यातलं अर्धं स्वीकारायचं आणि अर्धं बेसिनमध्ये ओतायचं, हे कसं चालेल?

विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्यात या दहाव्या अध्यायाबद्दल विनोबा एक फार सोपी गोष्ट समजावतात. मुलांना वाचायला शिकवताना आपण आधी मोठी, सोपी अक्षरं दाखवतो. ती आली की मग जोडाक्षरं. देवाचंही तसंच. आधी त्याला सोप्या, ठळक रूपांत ओळखायला शिकायचं. पुढे अवघड रूपांत. त्या पहिल्या मोठ्या अक्षरांमध्ये ते आईलाही धरतात.

माझ्या बाबतीत तर हे अक्षरशः खरं आहे. मला अक्षरंही तिनंच शिकवली आणि देवही. मग आता मृत्यू हे जोडाक्षर समोर आलंय आणि मला ते वाचता येत नाहीये. पण म्हणून सोपी अक्षरं पुसून टाकायची नसतात. जोडाक्षर अडलं की मूल काय करतं? येणारी अक्षरं परत परत वाचतं. ऊन, चहा, रिक्षातल्या पोरांचा गोंधळ, ही माझी येणारी अक्षरं आहेत. ती वाचायची सोडली तर जोडाक्षरापर्यंत मी पोचणार कशी?

बुधवारी रात्री मी पप्पांना म्हटलं, "उद्या पहाटे खिचडी करूया का? धुंधुरमासाची?"

ते टीव्ही बघत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सण नाही न्हवं आपल्यात."

"सण नाही ओ पप्पा. नुसती खिचडी."

आमचे चुलते आजऱ्याकडचे. दरवर्षी नवं भात निघालं की घनसाळ तांदळाचं एक पोतं पाठवतात. यंदाही आलं होतं, पण दोरा काढलेला नव्हता. गुरुवारी पहाटे साडेपाचला मी पोतं उघडलं, आणि त्या वासानं सगळं स्वयंपाकघर भरून गेलं. आई असती तर पहिली मूठ देवासमोर ठेवली असती. मी ठेवली.

खिचडी मात्र बिघडली. नेहमीच्या मापानं पाणी घातलं आणि कुकर उघडला तर आत चक्क पेज! मला रडूच यायला लागलं. पप्पा मागे येऊन उभे होते. म्हणाले, "नवा तांदूळ हाय बाळ. ह्याला पाणी कमी लागतं. तुझी आई बोटाच्या पेरानं मोजायची." आणि त्यांनी स्वतः दुसऱ्यांदा तांदूळ धुतला, बोट बुडवून पाणी मोजलं. माझे वडील गॅससमोर उभे आहेत हे दृश्य मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. मला वाटत होतं की आईचं माप आईबरोबर गेलं. ते पप्पांच्या बोटात होतं. चौतिसाव्या श्लोकातली स्मृती म्हणजे काय, हे मला तिथे ओट्यापाशी कळलं.

सातच्या सुमाराला ऊन आलं. देवाला नैवेद्य दाखवला. आईच्या फोटोसमोर एक वाटी ठेवली. मग आम्ही दोघं गॅलरीत चटईवर बसून जेवलो. आधी ती पेज. "वाया कशाला घालवायची, पेज म्हणून खाऊया," पप्पा म्हणाले. मग खिचडी, वर तूप. पप्पांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. जेवताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते खात होते. दोन्ही एकाच वेळी. मी काही बोलले नाही.

आता डब्याची गोष्ट. आमच्या समोर एक ख्रिस्ती काकू राहतात. दिवाळीला आमचा फराळाचा डबा त्यांच्याकडे जायचा आणि नाताळला त्यांचा आमच्याकडे यायचा: करंज्या, चकल्या, केक. त्यांचा गेल्या नाताळचा स्टीलचा डबा आमच्याकडेच होता. तो दिवाळीत भरून परत जायचा असतो. यंदा गेलाच नाही. रिकामा डबा परत करायचा नाही ही आईची शिकवण, आणि भरायला घरात काही नाही, म्हणून मी पाच महिने काकूंना टाळत होते. खोटं कशाला सांगू, त्या दिसल्या की मी फोन कानाला लावायचे.

गुरुवारी पप्पाच म्हणाले, "त्यांचा डबा हाय बघ फळीवर. खिचडी दिऊन ये जा."

मी गेले. काकूंनी दार उघडलं, डबा बघितला, झाकण काढलं, वाफ आली. म्हणाल्या, "अगं, किती दिवस वाट बघालते मी ह्या डब्याची!" आणि मला आत ओढून घेतलं. संध्याकाळी तोच डबा परत आला. करंज्यांचा पहिला घाणा. "पहिला घाणा तुमच्याकडं द्यायचा असं तुझ्या आईचं आणि माझं ठरल्यालं," काकू पप्पांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "तुमच्यात सण नाही, आमच्यात हाय की. खावा."

आणि तेव्हा मला आपल्या रीतीचा अर्थ लागला. दुःखाच्या घरात गोड करायचं नाही म्हणतात, पण गोड खायचंच नाही असं कुठे म्हटलंय? शेजारी आणतात, पाहुणे येऊन दुखवटा काढतात, आग्रहानं घास भरवतात. म्हणजे रीत अशी की, या वर्षी तुमच्या आनंदाची जबाबदारी तुमच्यावर नाही, आम्ही आणून देतो. आपण फक्त दार उघडायचं. दिवाळीत लोकांनी हेच केलं होतं. मीच डबे उघडले नव्हते.

गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत अर्जुनाला सांगतात की, जे करशील, जे खाशील, जे देशील, ते मला अर्पण कर. मला आधी वाटायचं यात 'पूजा' असं काहीतरी मोठं करायचं आहे. आता वाटतं की अर्पण म्हणजे हातातली वस्तू आपल्यापाशी अडवून न ठेवणं. तोच चहा मी एकटीनं चोरून प्यायला तर तो गिळवत नाही. तोच देवाला दाखवून, पप्पांना अर्धा देऊन प्यायला तर प्रसाद होतो. चहा तोच असतो. तिसऱ्या अध्यायात तर स्पष्टच इशारा आहे की, जो फक्त स्वतःसाठी शिजवतो तो पापच खातो. आपल्या कपातल्या गोडव्यामागेही कोणीतरी आहे. बीडकडून आलेली ऊसतोडीची कुटुंबं या थंडीत कोल्हापूरच्या शिवारात खोपीत राहतायत, त्यांची पोरं पहाटे आईबापाबरोबर फडात असतात. ते अक्षरही वाचायला हवं. ते सोपं नाही, पण यादीत आहे. घरातले धडके स्वेटर आणि शाली आम्ही बाजूला काढल्यात, या रविवारी पप्पा आणि मी देऊन येणार आहोत. आईची शाल द्यायची की नाही, हे अजून ठरलेलं नाही.

सगळं बरं झालं असं मी म्हणणार नाही. २६ तारखेला शेवटचा गुरुवार आहे. त्या संध्याकाळी गल्लीत घराघरांतून हळदीकुंकवाला बायका जाताना दिसतील आणि आमच्या दारावरून पुढे जातील, तेव्हा मला काय वाटेल ते मला माहीत आहे. ते जोडाक्षर अजून येत नाही. पण आज सकाळी पुन्हा गुळाचा चहा केला, दोन कप. आणि पूर्ण प्यायले.

सुट्टीच्या या आठवड्यासाठी छोटी साधना:

१. रोज एक 'सोपं अक्षर' ओळखा. ऊन, आंघोळीचं गरम पाणी, भाजलेलं रताळं, काहीही. ते जाणवलं की मनात एकदाच म्हणा, "देवा, हे तूच." लगेच फोटो काढू नका.

२. घरी असा किंवा पुण्या-मुंबईत रूमवर, एक जेवण कोणाबरोबर तरी बसून जेवा. स्क्रीन बंद.

३. तुमच्याकडे कोणाचा डबा राहिलाय का ते बघा. खरा डबा किंवा न केलेला फोन, न दिलेलं उत्तर. काहीतरी भरून परत करा. पेज झालेली खिचडी असली तरी चालते.

४. ओळखीत कोणाचं हे पहिलं वर्ष असेल तर "काही लागलं तर सांग" असं म्हणू नका. ते सांगत नाहीत. घेऊन जा.

उद्या आपण छत्तिसावा श्लोक वाचू. तिथे भगवंत म्हणतात की, कपट करणाऱ्यांमधला जुगारही मीच. बघा, जोडाक्षरं संपत नाहीत!

आज शुक्रवार, अंबाबाईचा वार. तिच्या गावात राहतो आपण, आईविना कोणीच नाही इथे. तुमच्या घरातला नवा तांदूळ मऊ शिजो.

राम कृष्ण हरी.